विद्युतरोधाचे मोजमाप : ओरछा गेटजवळ शिकलेला धडा



प्रयोगवह्या तपासताना एक गोष्ट मला दरवर्षी दिसते. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात पाच वाचने घ्यायची असतात. चार वाचने व्यवस्थित लिहिलेली असतात. पाचव्याच्या जागी खाडाखोड असते आणि वर नवा, सुबक आकडा असतो. आलेखावरचे पाचही बिंदू मग एका रेषेत, परेडला उभे राहिल्यासारखे! विचारले की उत्तर ठरलेले: "सर, तो आकडा जुळत नव्हता."

हा लेख त्या न जुळणाऱ्या आकड्याविषयी आहे. तुमच्या वयाचा कॅडेट असताना मीही असाच एक आकडा खोडला होता. त्याची किंमत एका आजींच्या अंगणातल्या फरशीने मोजली. तो प्रसंग आधी सांगतो आणि मग विद्युतरोध कसा मोजायचा ते पाहू. म्हणजे शेवटी त्या प्रसंगाचे गणित तुम्हीच सोडवू शकाल.

प्रसंग

माझे काका झाशीला असत. झाशीत मराठी घरे नेवाळकरांच्या काळापासून आहेत आणि गणेशोत्सवही तिथे मनापासून होतो. जुन्या शहराच्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांतल्या ओरछा गेटजवळ काकांचे घर होते. गेटबाहेर त्यांचे रेडिओ आणि बॅटरी दुरुस्तीचे दुकान होते. अकरावीत असताना गणपतीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो.

गल्लीच्या एका टोकाला काकांच्या घरात अॅम्प्लिफायर आणि दुसऱ्या टोकाला मंडपात लाउडस्पीकर अशी सोय होती. मधे ९० मीटर लांबीची दोन तारांची वायर भिंतीच्या कडेने, काही ठिकाणी फरशीखालून नेलेली होती. आदल्या दिवशी अॅम्प्लिफायर लावताच फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. काकांना त्या दिवशी सामानासाठी ग्वाल्हेरला जायचे होते. निघताना म्हणाले, "वायर कुठेतरी शॉर्ट झालीय. तू फिजिक्सवाला ना? जागा शोधून ठेव. पण खणण्याआधी दोन्ही टोकांकडून मोज."

मी अॅम्प्लिफायर सोडवला, स्पीकर सोडवला आणि काकांचा डिजिटल मल्टिमीटर घेऊन बसलो. वायरीतली प्रत्येक तार १ चौरस मिलिमीटर छेदाची, तांब्याची होती. अशा तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. धारा एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून गल्लीच्या दर मीटरला ०.०३४४ ओहम धरायचे. घराच्या टोकाकडून मीटरने १.९ ओहम दाखवले. १.९ भागिले ०.०३४४, म्हणजे ५५ मीटर. मी खूश झालो.

मग मंडपाच्या टोकाकडून मोजले. मीटरने २.० ओहम दाखवले, म्हणजे ५८ मीटर. आता ५५ आणि ५८ मिळून ११३ होतात आणि वायर तर ९० मीटरची! मी पुन्हा मोजले, तेच आले. मग मी जे केले ते तुम्हाला ओळखीचे वाटेल. एकीकडून ५५ मीटर, तर दुसरीकडून ३५ मीटर असायलाच हवे, असे ठरवले. ३५ मीटरला १.२ ओहम होतात. वहीत २.० खोडले आणि १.२ लिहिले.

५५ मीटरवर शेजारच्या अम्मांच्या दाराशी बसवलेली दगडी फरशी होती. मी ती छिन्नीने उचकटली आणि उचकटताना ती तडकली. खाली वायर होती, पण धडधाकट! दोन्ही बाजूंना हात हातभर खणले, तिथेही काही नाही. अम्मा दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, पहले ठीक से नाप तो लेते."

पुढे काय झाले ते थोड्या वेळाने सांगतो. आधी मूळ गोष्टी.

रोध म्हणजे काय?

वाहकाच्या दोन टोकांत विभवांतर लावले की त्यातून विद्युतधारा वाहते. तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असेल, तर धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते. हा ओहमचा नियम. विभवांतराला धारेने भागले की मिळतो तो रोध. एक व्होल्ट लावल्यावर एक अँपिअर धारा वाहिली, तर रोध एक ओहम.

तारेचा रोध तिच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटतो. म्हणूनच वायरीचा रोध मोजून लांबी काढता येते. शॉर्टची जागा शोधण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यावर उभे आहे.

गेऑर्ग ओहम हा जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होता. त्याच्या काळातले विद्युतघट स्थिर नसत. धारा घेऊ लागताच त्यांचे विभवांतर उतरू लागे आणि त्यामुळे त्याचे आकडे जुळेनात. त्याने आकडे खोडले नाहीत, उगम बदलला. तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे करून एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला आणि दुसरा बर्फात ठेवला. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून विभवांतरही स्थिर. त्यातून १८२६ साली त्याला नियम सापडला आणि १८२७ साली त्याने तो ग्रंथरूपाने मांडला. त्यानंतर हा ओहम काही वर्षे बर्लिनच्या लष्करी शाळेत शिकवत होता. म्हणजे हा तुमच्या-आमच्या गोतावळ्यातलाच माणूस!

पद्धत पहिली : व्होल्टमीटर आणि अॅमीटर

बॅटरी, कळ, रिओस्टॅट, अॅमीटर आणि अज्ञात रोध एकसर जोडायचे. व्होल्टमीटर समांतर लावायचा. दोन्ही वाचने घेऊन भागाकार करायचा. इतके सोपे आहे. पण व्होल्टमीटरची टोके नेमकी कुठे लावायची, हा प्रश्न परीक्षेत क्वचितच विचारला जातो आणि कामात रोज पडतो.

समजा अॅमीटरचा स्वतःचा रोध ०.५ ओहम आणि व्होल्टमीटरचा १००० ओहम आहे. अज्ञात रोध खरोखर १० ओहम आहे.

पहिल्या जोडणीत व्होल्टमीटर अॅमीटर आणि रोध या दोघांवर मिळून लावला. अॅमीटर बरोबर धारा दाखवतो, पण व्होल्टमीटरमध्ये अॅमीटरवरचे विभवांतरही मिसळते. उत्तर येते १०.५ ओहम, म्हणजे पाच टक्के जास्त.

दुसऱ्या जोडणीत व्होल्टमीटर फक्त रोधावर लावला. आता विभवांतर बरोबर, पण व्होल्टमीटरमधून जाणारी थोडी धाराही अॅमीटर मोजतो. उत्तर येते ९.९ ओहम, म्हणजे एक टक्का कमी.

इथे दुसरी जोडणी बरी. पण अज्ञात रोध ५०० ओहमचा घेतला तर? पहिली जोडणी ५००.५ दाखवते, चूक नगण्य. दुसरी दाखवते ३३३! कारण ५०० ओहमशेजारी १००० ओहमची समांतर वाट आपणच उघडून दिली. ओरछा दरवाजाबद्दल झाशीत एक दंतकथा सांगतात, की १८५८ च्या वेढ्यात तो आतूनच उघडला गेला. मंडलाचेही असेच असते. बाहेरच्या तटाकडे पाहत बसू नये, धारेला आपण कुठली वाट उघडी ठेवली आहे ते आधी पाहावे.

नियम असा: लहान रोधासाठी व्होल्टमीटर थेट रोधावर, मोठ्या रोधासाठी अॅमीटरसकट दोघांवर. सीमा कोणती? दोन्ही मीटरांच्या रोधांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. वरच्या उदाहरणात ५०० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २२ ओहम.

आणखी दोन सूचना. एकच वाचन घेऊन थांबू नका. रिओस्टॅट फिरवून पाच-सहा वाचने घ्या आणि आलेख काढा. रेषा सरळ आहे, पण आरंभबिंदूतून जात नाही असे दिसले, तर एखाद्या मीटरचा काटा मुळातच शून्यावर नसण्याची शक्यता आहे. ही चूक एका वाचनात कधीच दिसली नसती. दुसरे म्हणजे कळ वाचनापुरतीच दाबा. धारा वाहत राहिली की तार तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. दिव्याच्या तंतूत तर फारच फरक पडतो. गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा पेटलेला असताना सुमारे ६.९ ओहमचा असतो. तोच थंड असताना मल्टिमीटरने मोजला, तर एक ओहमच्याही आत येतो. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणत्या स्थितीत मोजले ते मात्र लिहिलेच पाहिजे.

पद्धत दुसरी : मल्टिमीटर

मल्टिमीटर रोध मोजतो तेव्हा स्वतःच्या बॅटरीतून धारा सोडतो. म्हणून ज्या मंडलात आधीच विद्युतपुरवठा चालू आहे, त्यावर रोधाचा पट्टा कधीही लावू नये. वाचन तर चुकतेच, मीटरही जळू शकतो, आणि घरगुती पुरवठा असेल तर जिवावर बेतू शकते. प्लग काढा, कॅपॅसिटर असेल तर त्यातला विद्युतभार सुरक्षितपणे उतरू द्या आणि मगच मोजा.

एखादा घटक मंडलात जोडलेला असतानाच मोजला, तर मीटर त्या घटकाबरोबर त्याच्या समांतर असलेल्या साऱ्या वाटाही मोजतो. म्हणून घटकाचे निदान एक टोक सोडवून घ्यावे. मोठा रोध मोजताना दोन्ही हातांच्या बोटांनी प्रोब दाबून धरू नयेत, नाहीतर तुमच्या शरीराचा रोधही समांतर लागतो.

लहान रोधाच्या बाबतीत उलटा त्रास होतो. मीटरच्या वायरी, प्रोबची टोके, टोकांवरचा गंज हे सारे अज्ञात रोधाशी एकसर येऊन बसतात. हे दोन-चार दशांश ओहम सहज होतात. १००० ओहम मोजताना ते कोणाला दिसतही नाहीत. दोन ओहम मोजताना मात्र तेच उत्तर फिरवतात. म्हणून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटर किती दाखवतो ते पाहावे आणि तेवढे वाचनातून वजा करावे.

ओरछा गेटला माझे काय चुकले, ते आता थोडे लक्षात आले असेल.

पद्धत तिसरी : ब्रिज

व्हीटस्टन ब्रिजला नाव चार्ल्स व्हीटस्टनचे मिळाले, पण ही जोडणी त्याच्या आधी, १८३३ साली सॅम्युएल हंटर ख्रिस्टी याने मांडली होती. व्हीटस्टनने १८४३ साली ती लोकांपुढे आणताना श्रेय ख्रिस्टीलाच दिले होते. हा ख्रिस्टी वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत गणित शिकवत असे. म्हणजे हाही लष्करी शाळेचाच मास्तर!

ब्रिजची युक्ती अशी. रोध किती हे थेट मोजायचे नाही, माहीत असलेल्या रोधाशी तुलना करायची. चार रोधांचा चौकोन करायचा, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना बॅटरी आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये गॅल्व्हानोमीटर जोडायचा. रोधांचे प्रमाण जुळले की गॅल्व्हानोमीटरमधून धारा जात नाही आणि काटा शून्यावर येतो. मग बॅटरी थोडी उतरलेली असली तरी उत्तर बदलत नाही. गॅल्व्हानोमीटरचे आकडे थोडे चुकलेले असले तरीही बिघडत नाही, कारण आपल्याला फक्त शून्य ओळखायचे असते.

प्रयोगशाळेतल्या मीटर ब्रिजमध्ये चौकोनाच्या दोन बाजू म्हणजे १०० सेंटिमीटरची एकसारखी तार. डाव्या फटीत अज्ञात रोध आणि उजव्या फटीत माहीत रोध ठेवला, तर

अज्ञात रोध = माहीत रोध × डावी लांबी ÷ उजवी लांबी.

समजा माहीत रोध ५ ओहम आहे आणि समतोल डावीकडून ५४.२ सेंटिमीटरवर आला. आता दोन्ही रोधांची अदलाबदल करा. समतोल ४५.८ वर यायला हवा, पण आला ४५.४ वर. इथे बहुतेक वह्यांमध्ये खाडाखोड होते! तसे करू नका. हा फरक तारेच्या टोकांना असलेल्या पट्ट्या आणि सांधे यांच्या रोधामुळे पडतो. अदलाबदलीनंतर अज्ञात रोधाकडची लांबी १०० वजा ४५.४, म्हणजे ५४.६. तिची ५४.२ शी सरासरी काढली की ५४.४. यावरून अज्ञात रोध ५ × ५४.४ ÷ ४५.६, म्हणजे ५.९६ ओहम. टोकांची चूक एका वेळी अज्ञात रोधाच्या बाजूने लागली आणि दुसऱ्या वेळी त्याच्या विरुद्ध लागली, म्हणून सरासरीत ती बहुतांशी निघून गेली. समतोल बिंदू तारेच्या मध्याजवळ येईल असा माहीत रोध निवडला, तर चूक आणखी कमी होते.

दोन्ही बाजूंनी मोजण्याचा अर्थ आता ध्यानात ठेवा आणि गल्लीत परत चला.

गल्लीतले गणित

काका संध्याकाळी आले. त्यांनी आधी तडकलेली फरशी पाहिली, मग वही मागितली. दोन आकडे होते: १.९ आणि १.२. काकांनी बेरीज केली.

"तीन पूर्णांक एक. पूर्ण वायरीचा रोध किती होतो?"

"तेवढाच, काका. नव्वद मीटरला ३.१."

"अगदी तंतोतंत? अरे, मग माझ्या मीटरच्या वायरींना रोधच नाही की काय? त्या तर दोन्ही वेळा मोजल्या गेल्या असणार. बेरीज जास्त यायलाच हवी. खरं सांग, मंडपाकडून काय आलं होतं?"

मी मान खाली घालून सांगितले, "२.०."

काका रागावले नाहीत. "हा आकडा लिहिला असतास तर फरशी वाचली असती," म्हणाले आणि वहीच्या पुठ्ठ्यावर गणित मांडले.

घराकडचे वाचन = शॉर्टपर्यंतच्या वायरीचा रोध + वरकड रोध.
मंडपाकडचे वाचन = उरलेल्या वायरीचा रोध + तोच वरकड रोध.

वरकड रोध म्हणजे मीटरच्या वायरी आणि शॉर्टच्या जागचा स्पर्श. दोन्ही वेळा मीटर तोच आणि शॉर्टही तोच, म्हणून हा रोध दोन्हीकडे सारखा. दोन वाचनांची बेरीज केली तर पूर्ण वायर अधिक वरकडाची दुप्पट मिळते. १.९ अधिक २.० म्हणजे ३.९. त्यातून ३.१ वजा केले की ०.८ उरतात. त्याचे निम्मे ०.४ ओहम. ज्या २३ मीटरांनी मला छळले होते, ते हेच वरकड ओहम होते!

आता दोन्ही वाचनांतून ०.४ वजा करा. घराकडून १.५ ओहम, म्हणजे ४३.६ मीटर. मंडपाकडून १.६ ओहम, म्हणजे ४६.५ मीटर. बेरीज ९०.

याहून सोपी रीत वजाबाकीची. दोन वाचने एकमेकांतून वजा केली की वरकड रोध आपोआप उडून जातो आणि सूत्र मिळते:

शॉर्टचे घरापासून अंतर = निम्मी लांबी + (घराकडचे वाचन − मंडपाकडचे वाचन) ÷ (एका तारेच्या दर मीटर रोधाची चौपट).

इथे निम्मी लांबी ४५ मीटर. वाचनांतला फरक उणे ०.१ ओहम. चौपट रोध ०.०६८८. म्हणून ४५ वजा १.४५, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस मीटर. मी खणले होते ५५ वर. चूक साडेअकरा मीटरची होती.

काकांनी पुढे आणखी एक गोष्ट विचारली: "मीटर शेवटचा अंक किती दाखवतो?" दशांश ओहम. म्हणजे फरकात ०.१ ची चूक असू शकते आणि त्याने जागा दीड मीटर इकडेतिकडे होते. दोन्ही वाचने विरुद्ध बाजूंना चुकली असतील तर तीन मीटर. म्हणून ४३.५ वर थेट छिन्नी न लावता आम्ही ४१ पासून ४६ पर्यंत वायर कुठे दबली आहे ते पाहत गेलो. ४३ च्या थोडे पुढे एका पायरीच्या दगडाची कड वायरीवर बसली होती. वेष्टन फाटले होते, पाणी शिरले होते आणि तांबे हिरवे पडले होते. दगड जरासा सरकवताच वायर हाती आली. काही तोडावे लागले नाही.

नंतर मी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले. मीटरने ०.३ दाखवले. मग ०.४ मधला उरलेला ०.१ कुठला? तो त्या गंजलेल्या शॉर्टचा. म्हणजे मी नुसते प्रोबचे ०.३ वजा केले असते तरी साडेसेहेचाळीस मीटर आले असते, तीन मीटरांनी चुकीचे. शॉर्टचा स्पर्श किती रोधाचा आहे हे बाहेरून कोणालाच कळत नाही. तो फक्त दोन्ही टोकांच्या खऱ्या वाचनांतूनच निघतो. मी खोडलेल्या आकड्यात मीटरच्या वायरींचा रोध होता, गंजाचा रोध होता आणि शॉर्टची जागाही होती. मी लिहिलेल्या आकड्यात काहीच नव्हते.

फ्यूज का उडत होता तेही पाहा. ८ ओहमचा स्पीकर आणि ३.१ ओहमची वायर एकसर, म्हणजे अॅम्प्लिफायरला ११.१ ओहम दिसायला हवेत. शॉर्टमुळे त्याला दिसत होते फक्त १.६. धारा जवळपास सातपट!

हेच मोठ्या कामात

झाशी हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. रुळावर गाडी उभी आहे की नाही हे सिग्नलला कळवणारे साधे डीसी ट्रॅक सर्किट म्हणजे आपल्याच प्रयोगाचे थोरले भावंड. रुळांच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ शॉर्ट करतात, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. पण दोन रुळांमधली खडी आणि ओले स्लीपरही थोडी धारा पळवतात. पावसात हा खडीचा रोध उतरतो. भारतीय रेल्वेत स्टेशनच्या आवारात तो दर किलोमीटरला किमान २ ओहम राखावा असा दंडक आहे. म्हणून तो वेळोवेळी मोजतात. तिथे कोणी "जुळणारा" आकडा लिहिला तर प्रश्न फरशीचा राहत नाही, प्रवाशांच्या जिवाचा होतो.

झाशीजवळ खैलार येथे भेलचा कारखाना आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर तयार होतात. ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक वेटोळ्याचा डीसी रोध मोजणे ही नेहमीची चाचणी आहे. कमी व्होल्टच्या बाजूला हा रोध मिलिओहममध्ये असतो, म्हणजे आपल्या प्रोबच्या वायरींपेक्षाही कितीतरी कमी. तिथे चार तारांची पद्धत वापरतात. दोन तारांनी धारा सोडायची आणि आतल्या बाजूला लावलेल्या वेगळ्या दोन तारांनी विभवांतर मोजायचे. विभवांतराच्या तारांतून धारा जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्यांचा रोध वाचनात येत नाही. वेटोळ्यात धारा स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून घाईने घेतलेले वाचन चुकते. तापमान नोंदवल्याशिवाय तर वाचनाला अर्थच नाही.

लक्षात ठेवा

१. रोध मोजण्याआधी पुरवठा बंद करा आणि घटकाचे एक टोक सोडवा.
२. लहान रोध मोजताना प्रोब टेकवून मीटरचा वरकड रोध पाहा.
३. शक्य तिथे दोन्ही बाजूंनी, अदलाबदल करून किंवा तुलना करून मोजा.
४. तापमान, मीटर आणि जोडणी वहीत लिहा.
५. वाचन चुकले असे वाटले तर ते खोडू नका. शेजारी पुन्हा मोजून दुसरे लिहा.

सोडवून पाहा

१. वरच्यासारख्याच ६० मीटर वायरीत शॉर्ट आहे. पहिल्या टोकाकडून १.५ आणि दुसऱ्या टोकाकडून १.३ ओहम वाचन आले. शॉर्ट पहिल्या टोकापासून किती अंतरावर?
२. व्होल्टमीटर अॅमीटरसकट रोधावर लावला. वाचने ४.२ व्होल्ट आणि ०.४ अँपिअर. अॅमीटरचा रोध ०.५ ओहम. खरा रोध किती?
३. मीटर ब्रिजच्या उजव्या फटीत ३ ओहम. समतोल डावीकडून ६२.१ सेंटिमीटरवर. अदलाबदलीनंतर ३८.३ वर. अज्ञात रोध किती?

उत्तरे: (१) सुमारे ३२.९ मीटर. (२) १० ओहम. (३) सुमारे ४.८७ ओहम.

त्या रात्री मंडपात आरती लाउडस्पीकरवरून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या खाऊच्या पैशांतून नवी फरशी आणली, वाळू-सिमेंट कालवले आणि अम्मांच्या दाराशी बसवली. बसवण्याआधी जागा दोनदा मोजली. अम्मांनी चहा दिला. ती वही अजून माझ्याकडे आहे. १.२ हा आकडा तिच्यात तसाच आहे. त्याच्या शेजारी काकांनी लाल पेनाने २.० लिहून त्याला गोल केला आहे.

तुमच्या प्रयोगवहीत न जुळणारा आकडा दिसला तर मी गुण कापणार नाही. तो का जुळत नाही हे दोन ओळींत लिहिलेत, तर एक गुण वाढवून देईन.